पट्ट्यांत दडलेली देवनागरी

डोळ्याला फसवणे हा अक्षररचनाकाराचा रोजचाच धंदा आहे. फक्त तो सहसा उलट्या दिशेने चालतो. गोल अक्षर आणि सपाट माथ्याचे अक्षर मोजपट्टीने सारख्या उंचीचे काढले तर गोल अक्षर ठेंगणे दिसते, म्हणून गोलाई नेमलेल्या रेषेच्या किंचित बाहेर न्यावी लागते. आडवी रेघ तेवढ्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, म्हणून शिरोरेखा कान्याच्या जोडीची दिसायची असेल तर ती थोडी बारीक काढतात. तिरकी रेघ जाड दंडामागून आरपार गेली की तिचे दोन तुकडे एका ओळीत वाटत नाहीत, म्हणून रोमन एक्सच्या भुजा मध्यावर जराशा सरकवलेल्या असतात. पांढऱ्यावरचे काळे अक्षर जसेच्या तसे काळ्यावर पांढरे केले की ते अंगाने भरल्यासारखे दिसते. या सगळ्या खोडी आधीच ओळखून त्यांचा बंदोबस्त करायचा आणि वाचकाला त्यातले काहीच कळू द्यायचे नाही, ही या कामाची रीत आहे.

दृष्टिभ्रमावर बेतलेला शोभेचा फॉन्ट करायला घेतला की हा सगळा हिशेब उलटतो. जे लपवायचे तेच आता दाखवायचे असते. शीर्षकासाठी, भित्तिपत्रकासाठी किंवा मुखपृष्ठासाठी असा फॉन्ट करताना कोणता भ्रम घ्यावा, यावर सगळे भरभरून बोलतात. पण काम करता करता माझे मत असे बनले आहे की तो भ्रम अक्षराच्या कोणत्या भागाला शिवू द्यायचा नाही, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. देवनागरीत तर तो फारच मोठा आहे. याचे कारण पुढे येईल. आधी भ्रमाच्या निवडीबद्दल थोडे.

या वाटेने पूर्वी बरेच जण गेले आहेत. १९३० च्या दशकात रॉबर्ट हंटर मिडलटन यांनी लडलो कंपनीसाठी केलेल्या अंब्रा या टंकात अक्षर छापलेलेच नसते. छापलेली असते ती फक्त त्याची सावली, आणि कोऱ्या कागदाचे अक्षर डोळा आपले आपण बनवतो. रोजे एक्सकोफों यांच्या १९५८ च्या कॅलिप्सोमध्ये ठिपक्यांच्या चढउतारामुळे अक्षर कागदाच्या पट्टीसारखे वळलेले वाटते. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ऑप आर्टचे, म्हणजे डोळ्याला चकवणाऱ्या चित्रांचे, मोठे प्रदर्शन भरले आणि त्यानंतर काळ्यापांढऱ्या रेघांची लाटच आली. लान्स वायमन यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी घडवलेली समांतर रेघांची अक्षरे हा त्या लाटेतला सर्वांत उंच बिंदू मानायला हरकत नाही, जरी त्या रेघांचे दुसरे मूळ तिथल्या हुइचोल लोकांच्या नक्षीत होते. अशक्य घनाकृतींची अक्षरेही पुष्कळ झाली आहेत. ऑस्कर रॉयटर्सवार्ड यांनी १९३४ मध्ये काढलेला आणि लायोनेल व रॉजर पेनरोज यांनी १९५८ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून मांडलेला अशक्य त्रिकोण त्यांच्या मुळाशी असतो. मला ती वाट देवनागरीसाठी फारशी पसंत नाही. तो त्रिकोण सरळ, सारख्या जाडीच्या, ठरावीक कोनांत वळणाऱ्या दांड्यांवर उभा असतो. गाठी आणि पोटे असलेल्या लिपीला त्या साच्यात कोंबले की लिपी हरते आणि घनाकृतीही धड उरत नाही.

दुसरा मोह झोलनरच्या भ्रमाचा होता. योहान झोलनर यांनी १८६० मध्ये तो मांडला: लांब समांतर रेघांवर आखूड तिरक्या रेघा ओढल्या, आणि त्यांचा कल एका रेघेवर एका बाजूला तर शेजारच्या रेघेवर दुसऱ्या बाजूला ठेवला, की लांब रेघा समांतर वाटेनाशा होतात. देवनागरीत लांब समांतर रेघा तयारच असतात, त्या म्हणजे शिरोरेखा. एकाखाली एक दोन ओळी मांडून पहिलीत एका बाजूला आणि दुसरीत दुसऱ्या बाजूला झुकणाऱ्या रेघा भरल्या की एक ओळ चढते आणि एक उतरते. पाहायला गंमत वाटते, पण सगळी अक्षरे जिला लटकलेली असतात तीच रेघ डळमळते, आणि एका शब्दाच्या शीर्षकात तर शेजारी दुसरी रेघ नसल्यामुळे भ्रमाला आधारच उरत नाही. ओळी किती असतील हे फॉन्टला ठाऊक नसते. म्हणून ओळींच्या संख्येवर अवलंबून असलेला भ्रम फॉन्टच्या कामाचा नाही, असे मी ठरवले.

शेवटी जो भ्रम निवडला तो सांगायला अगदी सोपा आहे. सगळी पार्श्वभूमी तिरक्या काळ्या पट्ट्यांनी भरायची. अक्षराच्या आतही त्याच दिशेचे, तेवढ्याच अंतरावरचे पट्टे ठेवायचे. फक्त ते अर्ध्या आवर्तनाने सरकवायचे, म्हणजे बाहेरचा काळा पट्टा जिथे संपतो तिथे आत पांढरा सुरू होईल. अक्षराला बाह्यरेषा कुठेही नसते. तरीही पट्ट्यांची टोके जिथे जिथे तुटतात, तिथे तिथे डोळा एक सलग कड पाहतो आणि अक्षर उमटते. गाएतानो कानिझा यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेला, न काढताच दिसणारा त्रिकोण आणि ही कड एकाच कुळातली. १९८४ मध्ये फॉन डर हाइट, पेटरहान्स आणि बाउमगार्टनर यांनी सायन्स या नियतकालिकात दाखवून दिले की माकडाच्या दृष्टिपटलातल्या नव्हे, तर मेंदूतल्या दृष्टीच्या दुसऱ्या टप्प्यावरच्या काही पेशी अशा नसलेल्या कडेलाही खऱ्या कडेसारखा प्रतिसाद देतात. थोडक्यात, कड पाहणाऱ्याच्या कल्पनेचा खेळ नाही. पाहण्याच्या यंत्रणेत ती फार लवकर तयार होते. फॉन्ट करणाऱ्याला हे ठाऊक असलेले बरे, कारण जे इतक्या लवकर घडते त्यावर भरवसा ठेवता येतो.

आता पट्टे कोणत्या कोनात घ्यायचे? आडवे घेतले तर शिरोरेखेच्या दोन्ही कडा पट्ट्यांना समांतर होतात आणि शिरोरेखा विरघळते. उभे घेतले तर काने विरघळतात. समांतर कडेवर पट्टे तुटतच नाहीत, आणि तुटले नाहीत तर कड कुठून दिसणार? कड सर्वांत ठसठशीत दिसते ती पट्टे तिला काटकोनात येऊन भिडतात तेव्हा. काना आणि शिरोरेखा या दोघांना सारखा न्याय द्यायचा तर ४५ अंशांखेरीज पर्याय नाही. उरतो प्रश्न उतार कोणत्या बाजूचा हा, आणि त्याचे उत्तर र देतो. र, स आणि ख यांचा पाय डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, हलन्ताची खूणही तशीच. म्हणून पट्टे डावीकडून उजवीकडे वर चढणारे हवेत, म्हणजे पाय आणि पट्टे एकमेकांना काटतील. या निर्णयाची किंमत प्र, क्र, ग्र यांतल्या रकाराला मोजावी लागते, कारण तो नेमका पट्ट्यांच्या दिशेने उतरतो. तो जवळजवळ आडवा करून घेतला, तेव्हा कुठे तो दिसू लागला.

खरे काम मात्र वळणांत आहे. व, ब, क, त, ज यांच्या गोलाईची कड फिरत फिरत एका ठिकाणी पट्ट्यांना समांतर होतेच. व च्या पोटात हे दोनदा घडते: डावीकडच्या वरच्या खांद्यावर आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात. तिथे कड काही अंतरापुरती नाहीशी होते. ही खिंड लहान असेल तर डोळा ती भरून काढतो. मोठी असेल तर पोट फुटल्यासारखे दिसते आणि अक्षर पार्श्वभूमीत सांडते. वर्तुळाचा घेर जितका मोठा, तितका समांतर कडेचा तुकडा लांब. म्हणून याच दोन जागी वळण आवळले, जवळपास कोपरा म्हणावे इतके. उरलेले दोन खांदे, जिथे पट्टे कडेवर काटकोनात येतात, ते निवांत गोल ठेवले. त्यामुळे या फॉन्टमधले प्रत्येक पोट दोन बाजूंना चौकोनी आणि दोन बाजूंना गोल आहे. पट्टे काढून टाकून नुसते काळे अक्षर पाहिले तर ते विचित्र दिसते, थोडे मुरगळल्यासारखे. पट्टे भरले की तेच अक्षर चारही बाजूंनी सारखे गोल वाटते. अक्षररचनेतल्या जुन्या दुरुस्त्यांचेच हे थोरले भावंड म्हणता येईल. एरवी गोलाईला रेषेबाहेर काढायचे दहाबारा एकक इथे निरर्थक ठरतात, कारण पट्टाच त्याहून रुंद आहे.

मापे सांगितली म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. अक्षराची चौकट १,००० एककांची. पट्ट्यांचे एक आवर्तन, म्हणजे एक काळा आणि एक पांढरा मिळून, आडव्या मापाने ६० एकक. ४५ अंशांत उभे मापही तेवढेच येते. पट्ट्यांना काटकोनात मोजलेले अंतर ४२.४ च्या आसपास, अपूर्णांकात, येते. पण ते अपूर्ण राहिले तरी चालते, कारण अक्षरे शेजारी शेजारी मांडताना आडवे मापच कामी येते आणि ते पूर्णांकातच हवे. काना १२० एकक जाड, म्हणजे दोन आवर्तने, शिरोरेखा ९०. काळा आणि पांढरा पट्टा प्रत्येकी ३० करावा असे पहिल्यांदा कोणालाही वाटेल. तसे केले तर अर्ध्या आवर्तनाच्या सरकेमुळे आतल्या आणि बाहेरच्या काळ्या पट्ट्यांचे कोपरे एकमेकांना नेमके बिंदूत टेकतात. पडद्यावर त्या बिंदूंचे करडे डाग होतात आणि छपाईत शाई पसरून कोपरे जोडले जातात. म्हणून आतला आणि बाहेरचा काळा पट्टा मिळून ६० पेक्षा कमी भरले पाहिजेत. मी अक्षराच्या आत ३२ आणि बाहेर २४ घेतले. दोन्ही बाजूंना दोन दोन एककांची फट राहते, शिवाय अक्षरात सुमारे ५३ टक्के आणि पार्श्वभूमीत ४० टक्के काळे असा फरक पडतो. हा फरक म्हणजे शुद्ध भ्रमाशी केलेली तडजोड आहे. आत आणि बाहेर काळे समसमान असते, तर डोळे बारीक केल्याबरोबर अक्षर पूर्णपणे नाहीसे झाले असते. आता एक फिकट छाया उरते. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला हे आवडणार नाही. मला आवडते, कारण शीर्षक वाचायचे असते.

आता त्या मोठ्या प्रश्नाकडे येतो. न काढलेली कड पाहणारा डोळा फटीही बुजवतो. तो त्याचा स्वभावच आहे, आणि व चा खांदा आपण त्याच स्वभावाच्या भरवशावर सोडला होता. पण देवनागरीत काही फटी म्हणजेच अक्षर असते. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला मुख्य भेद शिरोरेखेतल्या मोकळ्या जागेचा. थ आणि य यांच्यातही ती जागा बरेच काम करते. या लिपीत शिरोरेखा सलग असण्याची डोळ्याला इतकी सवय असते की पट्ट्यांच्या गर्दीत ती एखाद्या ठिकाणी तुटली, तर डोळा ती सरळ सांधून मोकळा होतो, आणि भय चे मय होते. साध्या फॉन्टमध्ये भ ची फट कान्याच्या जाडीपेक्षाही लहान ठेवली तरी खपते. इथे ती अडीच आवर्तने, म्हणजे १५० एकक रुंद ठेवावी लागली, शिवाय तिच्या डाव्या काठावरचा वळसा फटीत थोडा खाली उतरवावा लागला, म्हणजे तिथे नुसती पोकळी न राहता एक निश्चित टोक दिसेल. टोक दिसले की डोळा सांधण्याचा हट्ट सोडतो. ब आणि व, ष आणि प यांच्यात भेद करते ती पोटातली तिरकी रेघ. ती पट्ट्यांना शक्य तितकी काटकोनात ठेवली आणि तिची जाडी कान्याच्या बरोबरीला आणली, जे एरवी कोणी करणार नाही. ख चे रव होऊ नये म्हणून खालचा सांधा लांबवला. या जागा मी भ्रमाच्या हद्दीबाहेरच्या मानल्या. तिथे पट्टे आहेत, पण तिथे डोळ्याला काहीच भरून काढावे लागू नये अशी बेगमी केली आहे. अक्षराचे उरलेले अंग, म्हणजे पोटाचा फुगवटा, कान्याचा मधला भाग, शिरोरेखेचा लांब तुकडा, हे सगळे भ्रमाला आंदण दिले तरी चालते, कारण तिथली माहिती अर्धी गेली तरी अक्षर बदलत नाही.

एकेक अक्षर सुटे पाहताना सगळे छान वाटते. अक्षरे जोडली की दुसरे संकट उभे राहते. देवनागरीत शब्द शिरोरेखेने सलग असतो, आणि इथे तर पार्श्वभूमीही सलग हवी. प च्या चौकटीत उजव्या कडेवर पट्टा जिथे तुटला, तिथेच पुढच्या अक्षराच्या डाव्या कडेवर तो सुरू झाला पाहिजे. नाहीतर दोन अक्षरांच्या सांध्यावर पट्टे तुटतात आणि डोळा तिथे एक उभी कड पाहतो, म्हणजे न काढलेला काना. या फॉन्टमध्ये चुकीचा सांधा म्हणजे शब्दशः एक जास्तीचे अक्षर. उपाय एकच: प्रत्येक चौकटीची रुंदी ६० च्या पटीत. अक्षरे जवळ दूर करणारे कर्निंगही ६० च्या पटीत, नाहीतर मुळीच नाही. शब्दांमधली मोकळी जागासुद्धा पट्ट्यांचीच, २४० एककांची. साध्या फॉन्टमध्ये पाच दहा एककांनी अक्षरे सरकवण्यात जे कौशल्य खर्ची पडते, त्याला इथे वाव नाही. रुंदी ६० च्या पटीत बसवताना पडणारा फरक अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागेत वाटून घ्यावा लागतो.

याहून अवघड गोष्ट मात्रांची. फॉन्टमध्ये काळ्यावर काळे चढवता येते. आधीचे काळे खोडता येत नाही. नेहमीच्या देवनागरी फॉन्टमध्ये क वर मात्रा बसवायची तर मात्रेचे स्वतंत्र चिन्ह योग्य जागी आणून ठेवले की झाले. इथे क च्या वरची जागा रिकामी नाही. तिथे पार्श्वभूमीचे २४ चे पट्टे आहेत. त्यांवर मात्रेचे ३२ चे सरकवलेले पट्टे चढले की ६० पैकी ५६ एकक काळे होतात आणि मात्रेच्या जागी डांबराचा फराटा उमटतो. रंगीत थरांच्या फॉन्टमध्ये मध्ये पांढरा थर घालून हे टाळता येते, पण मग ते अक्षर कोणत्याही रंगावर ठेवण्याची सोय जाते.

म्हणून उंचीचे तीन मजले पाडले. शिरोरेखेच्या वरचा ३०० एककांचा मजला मात्रा, वेलांटीची कमान, रफार आणि अनुस्वार यांचा. मधला ६०० चा अक्षराच्या अंगाचा. खालचा ३०० चा उकार, ऋकार आणि हलन्त यांचा. प्रत्येक ग्लिफ, म्हणजे फॉन्टमधले एकेक चिन्ह, फक्त आपल्याच मजल्यावर काळे करतो. व्यंजन टाइप झाले की संदर्भानुसार चालणारे नियम त्याच्या जागी व्यंजन, वरचा कोरा मजला आणि खालचा कोरा मजला अशी तीन चिन्हे ठेवतात. मात्रा आली की कोरा मजला आणि मात्रा या दोघांच्या जागी मात्रेसह रंगवलेला मजला येतो. टाइप केलेला मजकूर आत तसाच युनिकोड राहतो, त्यामुळे शोधताना किंवा नक्कल करताना काही बिघडत नाही. इथे ६० च्या पटीची सक्ती अनपेक्षितपणे फायद्याची ठरली. सर्वांत अरुंद व्यंजन ४२० आणि सर्वांत रुंद जोडाक्षर १,०२० एकक धरले, तर त्यांच्या दरम्यान शक्य रुंद्या फक्त ११. वरच्या मजल्यावर येऊ शकणारे प्रकार, कोरा, एक मात्रा, दोन मात्रा, अर्धचंद्र आणि ऱ्हस्व वेलांटीची कमान असे पाच, आणि त्यांपैकी प्रत्येक अनुस्वारासह वा त्याविना, रफारासह वा त्याविना, म्हणजे फार तर २०. काना शेवटी असलेली आणि काना मध्ये असलेली अक्षरे असे दोन गट केले तरी ४४० चिन्हांत वरचा मजला पुरा होतो. प्रत्येक व्यंजन आणि जोडाक्षर मात्रांसह वेगवेगळे काढायचे ठरवले असते, तर संख्या सहज काही हजारांत गेली असती.

ऱ्हस्व वेलांटीचा जो प्रश्न देवनागरी फॉन्ट करणाऱ्या प्रत्येकाला छळतो, तोही यातच सुटला. कमान पुढच्या अक्षराच्या कान्यापर्यंत पोचली पाहिजे, आणि अक्षरांच्या रुंद्या नाना प्रकारच्या असल्यामुळे एरवी कमानीच्या लांब्याही पुष्कळ कराव्या लागतात. इथे अकरा रुंद्या, म्हणून अकराच कमानी, प्रत्येक गटात.

ओळीखाली ओळ मांडतानाही पट्टे जुळले पाहिजेत. तीन मजले मिळून १,२०० एकक होतात आणि १,२०० हे ६० च्या पटीत आहेत. म्हणून ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के ठेवले, की वरच्या ओळीचे पट्टे खालच्या ओळीत बिनसांध्याचे उतरतात. मांडणीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपोआप मिळणारे अंतर हेच असते, ही सोय आयती पदरात पडली. मजकूर डावीकडून सरळ लावला असेल तर काहीच करावे लागत नाही. मध्यावर लावला की मात्र एक मजा होते: ओळींच्या लांबीतला फरक ६० च्या पटीत असतो, पण मध्यावर आणताना तो निम्मा होतो, म्हणजे ३० च्या पटीत येतो, आणि ३० म्हणजे नेमके अर्धे आवर्तन. मग कधी कधी एक अख्खी ओळ शेजारच्या ओळीच्या उलट पडते आणि दोन ओळींमध्ये आरपार एक आडवी कड दिसू लागते. अशा वेळी कोणत्याही एका ओळीच्या शेवटी एका पूर्ण आवर्तनाची कोरी चौकट टाकावी, म्हणजे ओळ पुन्हा जागेवर येते; त्यासाठी तसे एक चिन्ह फॉन्टमध्ये ठेवले आहे.

आकाराबद्दल थोडे गणित. मानवी डोळ्याची पट्टे ओळखण्याची क्षमता एका अंशात तीन ते पाच आवर्तने असताना सर्वाधिक असते. पडदा किंवा कागद ६० सेंटिमीटरवर असेल तर एक अंश म्हणजे सुमारे १०.५ मिलिमीटर, एका अंशात चार आवर्तने हवीत, तर एक आवर्तन २.६ मिलिमीटरचे झाले. ते पट्ट्यांना काटकोनात मोजलेल्या ४२.४ एककांना बसवले की अक्षराचा आकार येतो जवळपास १७५ पॉइंट. याच्या निम्म्यापर्यंत फॉन्ट तग धरतो. खाली गेल्यावर आधी पोटातल्या रेघा जातात, मग शिरोरेखेची फट, आणि त्यानंतर उरतो तो करड्या पट्ट्यावरचा फिकट ठसा. पडद्यावर त्यातच पिक्सेलांची भर पडते: १०० पिक्सेलच्या आकारात अक्षरातला काळा पट्टा तीन पिक्सेलांहून थोडा जास्त भरतो, ४० पिक्सेलच्या आकारात सव्वा पिक्सेल, आणि तिथून पुढे पट्टे आणि पिक्सेल यांच्या भांडणातून भलतीच लाटांची नक्षी उमटू लागते.

पण मोठ्या आकारालाही एक बोच आहे. आर्नल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, एका अंशात तीनच्या आसपास आवर्तने असलेले ठळक पट्टे डोळ्यांना सर्वांत जास्त त्रास देतात. काहींना डोकेदुखी होते आणि प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना झटक्याचा धोका संभवतो. म्हणजे हा फॉन्ट जिथे सर्वांत स्वच्छ वाचता येतो, त्याच्या लगतच तो सर्वांत जास्त छळतोही. यावर फॉन्टच्या आतून फार काही करता येत नाही. वापरणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात: पट्ट्यांनी व्यापलेले क्षेत्र लहान ठेवावे, म्हणजे दोन तीन शब्दांच्या पलीकडे जाऊ नये आणि पडदाभर ते पसरू नये, आणि कोऱ्या पांढऱ्यावर कुळकुळीत काळे न वापरता रंगांतला फरक कमी करावा. गडद निळ्यावर मध्यम निळे ठेवले तरी कड दिसते, कारण कड पट्ट्यांच्या तुटण्यातून येते, रंगातल्या फरकातून नव्हे. हलत्या शीर्षकात तो वापरूच नये.

हलवण्याचा विचार निघाला तो व्हेरिएबल फॉन्टमुळे, म्हणजे ज्यात अक्षराचे रूप एका अक्षावर सरकवत बदलता येते अशा फॉन्टमुळे. पट्ट्यांची सरक हाच एक अक्ष केला, तर शून्यावर नुसते पट्टे दिसावेत आणि अक्ष सरकवत नेला की त्यांतून अक्षर उगवावे, ही कल्पना कोणालाही भुरळ घालील. अडचण अशी की व्हेरिएबल फॉन्टमध्ये दोन टोकांच्या आकृत्यांत बिंदूंची संख्या सारखी असावी लागते आणि प्रत्येक बिंदू एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरळ रेषेत जातो. काना किंवा शिरोरेखेच्या सरळ कडेवर पट्ट्याचे टोक सरळच घसरते, म्हणून तिथे हे जमते. व च्या पोटावर मात्र टोकाने वळणावरून घसरायला हवे. ते सरळ जाते आणि पोट दातेरी होते. शिवाय सरकताना काही पट्टे कडेला नव्याने शिवतात आणि काही सुटतात, त्यामुळे बिंदूंची संख्याही टिकत नाही. म्हणून अक्षाचा नाद सोडून सुट्या धाटण्याच केल्या: एक अर्ध्या सरकेची, जिचे वर्णन आतापर्यंत केले, आणि एक पाव सरकेची. पाव सरकेत आतले आणि बाहेरचे काळे पट्टे एकमेकांना अंशतः जोडलेलेच राहतात, त्यामुळे कोपरे टेकण्याचा प्रश्न येत नाही; पट्टा अक्षराच्या कडेवर फक्त किंचित मुडपतो आणि पुढे जातो. अक्षर दिसायला क्षणभर जास्त लागतो, आणि आकारही अर्ध्या सरकेपेक्षा मोठा ठेवावा लागतो. भ आणि ध यांच्या फटी या धाटणीत आणखी एका आवर्तनाने रुंद कराव्या लागल्या. त्यामुळे त्यांच्या चौकटी बदलल्या आणि वरच्या मजल्याचे हिशेब पुन्हा मांडावे लागले. तरीही दोन्हींतली एक निवडायची झाली, तर मी पाव सरकेचीच निवडीन.